खांबाची पोटरी

मोठ्या आईची तक्रार अशी होती की तिचा धाकटा मुलगा न सांगता भांडी घासायला लागला होता.

दुसऱ्या एखाद्या घरात आईने यावर लेकाची दृष्ट काढली असती. पण मोठ्या आईने हा मुलगा वाढवला होता. लहानपणी तो आपण होऊन झाडू हातात घ्यायचा, तेव्हा ती आधी फडताळातले काचेचे पेले तपासायची. उपांत्य सामना हरल्यावर माणूस तोंड पाडून बसेल, दारं आपटेल, आमटीत मीठ नाही म्हणून बायकोवर खेकसेल, हे तिला समजलं असतं. हा मात्र जेवण झालं की उठायचा, बाह्या सारायचा आणि पातेली अशी घासायचा की त्यात तोंड दिसावं. मग ओटा पुसायचा, मग वाळलेले कपडे घड्या घालून ठेवायचा. आणि एवढ्या सगळ्यात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही.

सून खूश होती. राहू द्या ना आई, चांगलं चाललंय, म्हणाली. मोठी आई म्हणाली, चांगलं चाललंय, तेच वाईट आहे. सरळ मनाचा माणूस पातेल्याची बाहेरची बाजू कधी घासत नाही.

धाकटा हायस्कूलमध्ये खेळाचा मास्तर होता आणि शाळेच्या फुटबॉल संघाचा कोच. तिचे थोरले दोघे कचेऱ्यांतून खुर्च्या उबवत होते, त्यांच्याबद्दल तिला कुणी काही विचारत नसे. विचारत ते या धाकट्याबद्दल, आणि तेही त्याच्या एका नियमामुळे. चेंडू रेषेबाहेर गेला की सगळ्या जगातली पोरं एकमेकांकडे बोटं दाखवून ओरडतात, त्याला लागला, त्याला लागला. धाकट्याची पोरं ओरडत नसत. ज्याच्या पायाला चेंडू शेवटचा लागला असेल, तो आपण होऊन हात वर करी. रेफरीने विचारो न विचारो, पाहिलेलं असो नसो.

कोच लोकांच्या तऱ्हा मोठ्या आईला पाठ होत्या. सामन्यांना ती आपली घडीची खुर्ची घेऊन जायची आणि पोरांपेक्षा कोचांकडेच जास्त बघायची. एक जण पोरांना ओकेपर्यंत पळवायचा आणि त्याला शिस्त म्हणायचा. एक जण रेफरीची पाठ फिरली की शर्ट कसा ओढायचा याचे धडे द्यायचा. पलीकडच्या शाळेचा तर सामनाभर इतका बोंबलायचा की मोठी आई म्हणायची, याच्या घशालाच शाळेने पगार द्यावा, बाकीचा माणूस फुकट मिळालेला आहे. या सगळ्यांत तिचा धाकटा रेषेवर हाताची घडी घालून उभा असायचा. तो पोरांना सांगायचा, चेंडू कुणाचा हे रेफरीच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. कळलेलं लपवायला जो दम लागतो, तो पळायला ठेवा.

सुरुवातीला बाकीच्या शाळा हसल्या. पण पुढे पुढे रेफरी लोक शंका आली की आधी धाकट्याच्या पोरांकडे बघायला लागले. हात वर नाही, म्हणजे चेंडू यांचाच. मग हसणाऱ्यांची तोंडं आंबट झाली.

आणि हा नियम आला कुठून, हे मोठी आई दुकानात, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे कान सापडेल तिथे सांगायची. आमच्या घरातून आला. घरात काही फुटलं की ती मागे वळायच्या आत फोडणाऱ्याचा हात वर गेला पाहिजे. गेला तर मार नाही. नाही गेला, तर मग ती आणि तिचं लाटणं. स्वतः ती शाळेची पायरी जेमतेम चढून उतरलेली, अक्षरं बोट ठेवून वाचणारी; पण हायस्कूलच्या पोरांना आपण घरबसल्या शिकवतो, असा तिचा तोरा होता, आणि तो ती लपवत नसे.

म्हणून उपांत्य सामन्यात जे झालं ते तिला कुणाला सांगता येईना.

सामना बरोबरीत होता आणि संपत आला होता. मोठी आई कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ बसली होती, मागे हेडमास्तर आणि त्यांच्या बाई, पुढे त्याच टोकाला रेषेवर धाकटा. धाकट्याच्या संघात बचावाला एक उंच, शेलाटा मुलगा होता. तो जागचा हलत नसे आणि त्याला ओलांडून कुणी जात नसे, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. शाळेचं त्याचं शेवटचं वर्ष. समोरच्या पोराने मारलेला चेंडू खांबाच्या बुटाच्या टोकाला निसटता लागला आणि गोलच्या बाजूने रेषेबाहेर गेला. रेफरी लांब होता. त्याने गोलकिकची खूण केली, म्हणजे चेंडू आपला. समोरच्या पोरांनीसुद्धा तक्रार केली नाही.

आणि खांबाचा हात वर गेला.

मोठ्या आईला कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, खाली घे हात, मेल्या. चांगलं खणखणीत. हेडमास्तरांच्या बाई मागे फिस्सकन हसल्या. मुलाचा हात खाली आला नाही, उलट आणखी ताठ झाला. रेफरीने गोलकिक रद्द करून समोरच्यांना कॉर्नर दिला, कॉर्नरवरून चेंडू आला, एका डोक्याला लागून जाळ्यात गेला, आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

घरी येईपर्यंत ती स्वतःला समजावत होती की एवढ्या गलक्यात एका म्हातारीचा आवाज कुठे ऐकू जातो. पण चपलेत खडा शिरावा तसं ते वाक्य प्रत्येक पावलाला टोचत होतं. धाकट्याच्या भांडी घासण्यावर तिने अजून तोफ डागली नव्हती, त्याचं कारण हे. दुसऱ्याला विचारायला उभं राहावं, तर आपल्याच पदराला डाग. तिला वाटायचं, याने माझं ओरडणं ऐकलं असेल, आणि आईची लाज वाटून हा तोंड लपवत असेल.

असे दिवस चालले असताना शिवणवाली जिना चढून वर आली. ही खांबाची आई. पुढच्या गल्लीत तळमजल्यावर एका खोलीत तिचं यंत्र होतं, संघाच्या शर्टांवरचे आकडे तीच शिवायची. दारातच उभी राहून तिने विचारलं की पाय किती वेळ गरम पाण्यात ठेवायचा, ते सरांनी काही सांगितलंय का.

कुणाचा पाय, मोठ्या आईने विचारलं.

तेव्हा तिला कळलं की खांबाची पोटरी धरली आहे. उपांत्य सामन्यातच धरली म्हणे. सरांनीच सरावातून घरी पाठवलं, आराम कर म्हणाले, तिसऱ्या जागेच्या सामन्यातही खेळायचं नाही. शिवणवाली दोन्ही वेळेला पाणी तापवून देत होती. पण तिला एक गोष्ट उमजत नव्हती. तिने आवाज खाली आणला.

"मोठी आई, तुम्ही म्हणाल वेडी आहे. पण सकाळी तो डाव्या पायाने लंगडतो आणि संध्याकाळी उजव्या. शिरेचं काही असेल का हो? इकडची तिकडे सरकत असेल?"

दुसरी वेळ असती तर मोठी आई पोट धरून हसली असती. तीन पोरगे वाढवलेली बाई ती. शाळेच्या दिवशी दुखणारी पोटं आणि सुट्टीच्या दिवशी बरे होणारे ताप तिने पायलीने पाहिले होते. पण शिवणवालीच्या डोळ्यांत काळजी होती, आणि हा मुलगा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. मीच ओरडले, म्हणून पोरगं सामन्याला यायला लाजतंय, असं तिने धरलं. येते बघायला, म्हणाली, आणि चपला सरकवल्या.

खोली अरुंद होती. खिडकीशी यंत्र, फरशीवर दोऱ्यांचे तुकडे, खुंटीवर कुणाचे तरी बाह्या नसलेले अर्धे झगे. भिंतीशी खांब स्टुलावर बसला होता. स्टूल बुटकं आणि पाय लांब, त्यामुळे गुडघे हनुवटीला आलेले. दोन्ही पाय बादलीत. तिला पाहून तो उठायला गेला आणि पाणी सांडलं. तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आलं, म्हणून शिवणवाली गळ्यात टेप अडकवून बाहेर गेली.

मोठ्या आईने विचारलं, कुठला पाय. तो बादलीकडे बघत राहिला. जणू पायांनीच आपसात ठरवून उत्तर द्यावं.

मग तिने तो विषय सोडला आणि जे विचारायला आली होती ते विचारलं, की त्या दिवशी मी ओरडले ते तुझ्या कानावर गेलं का. मुलाने आधी मान हलवून नाही म्हटलं. मग खोटं बोलणं जमेना म्हणून हो म्हटलं. मग तिचीच समजूत काढावी तशा सुरात म्हणाला:

"पण तुम्ही नंतर ओरडलात. आधी सर म्हणाले होते."

"काय म्हणाले होते?"

"खाली घे म्हणाले. हळूच. मग परत म्हणाले, खाली घे म्हणतो ना." त्याने पायाच्या अंगठ्याने बादलीचा तळ खरवडला. "मला वाटलं, सर परीक्षा घेताहेत. म्हणून मी आणखी वर केला."

मोठी आई यंत्राच्या खुर्चीवर बसली.

पुढचं तिला ओढून काढावं लागलं नाही, मुलगा बोलतच गेला. इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला जाळी आणि चेंडू ठेवायच्या खोलीत बोलावलं. सर पंपाने चेंडूत हवा भरत होते, वर बघत नव्हते. म्हणाले, लोक चिडलेत, तुला बोलतील, त्यापेक्षा पोटरी दुखतेय म्हण आणि बाहेर बस. तो बरं म्हणाला. सर म्हणाले म्हणून. कुठली पोटरी ते सरांनी सांगितलं नाही, आणि विचारावं तर सरांना राग येईल असं वाटलं, म्हणून मग तो आठवेल तसा लंगडत होता.

शिवणवाली गरम पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि मुलाच्या ठणठणीत पायांवर जपून धार धरू लागली. भाजत नाही ना रे, असं मधूनमधून विचारत होती. मग मोठ्या आईकडे वळून म्हणाली, काय वाटतं तुम्हाला?

आयुष्यभर कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई ती. खरं बोलते म्हणून तिला चार लोक टाळत, आणि त्याचाही तिला अभिमान होता. ती म्हणाली, उतार पडेल. आणि शिवणवालीच्या तोंडाकडे न बघता खोलीबाहेर पडली. रस्त्यावर दोघीतिघींनी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही. आता धाकट्याने नियम मोडला, तिने मोडला, आणि तो पाळणारं एकटं पोर बादलीत पाय बुडवून खोटं बोलायला शिकत होतं.

संध्याकाळी धाकटा मोरीशी उभा होता. तिने जाऊन नळ बंद केला.

आधी त्याने हेडमास्तरांचं नाव पुढे केलं. मोठी आई म्हणाली, हेडमास्तर त्या दिवशी सामन्यानंतर चणे खात होते, त्यांना कोण हरलं तेही धड ठाऊक नव्हतं. मग तो म्हणाला, मुलाच्याच भल्यासाठी केलं, पोरं त्याला टोचून बोलली असती. ती म्हणाली, पोरं बोलली का? नाही बोलली.

"त्याने हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं, आई," धाकटा अखेर म्हणाला. हातातली ताटली त्याने खाली ठेवली नव्हती. "शाबासकीसाठी बघतात ना पोरं, तसं. आणि माझ्या तोंडून काय निघालं ते तुला सांगता येणार नाही."

तिने सांगितलं की तिला ते ठाऊक आहे, आणि तिच्याही तोंडून तेच निघालं होतं. खरं तर तिचं जास्त मोठ्याने निघालं होतं. धाकट्याने ते ऐकलेलंच नव्हतं. त्याला त्या क्षणी स्वतःशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, आता तो मुलगा प्रार्थनेच्या रांगेत समोर उभा राहिला की मला वाटतं, हा सगळ्यांना सांगणार. त्याला बघवत नाही मला.

"तो कुणाला सांगणार नाही," मोठी आई म्हणाली. "त्याला वाटलं, तू त्याची परीक्षा घेतोयस."

हे ऐकल्यावर धाकटा ओल्या फरशीवरच खाली बसला. एवढा बाप्या माणूस, पण मोठ्या आईला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला नाही. तिला त्याची लाज वाटत होती, आणि आपल्या पोटच्या मुलाची लाज वाटते याची वेगळी लाज वाटत होती. मग तो म्हणाला की खांबाला खेळवेन. आणि पोरांना खरं काय ते सांगेन. ती म्हणाली, सांगशील. तिने ते विचारलं नव्हतं, बजावलं होतं.

तिसऱ्या जागेच्या सामन्याला मोठी आई खुर्ची घेऊन गेली नाही. शिवणवालीने तिला आपल्याशेजारी फळीवर जागा दिली, आणि ती जागा धाकट्याच्या पोरांच्या अगदी मागे होती. पोरं बुटांच्या नाड्या आवळत होती. धाकट्याने त्यांना जवळ बोलावलं, घसा साफ केला, एकदा मागे आईकडे बघितलं. मोठी आई सरळ बसली. आता याच्या तोंडून ते निघेल, मग वाईट दिसेल, मग संपेल, असं तिने मनाशी धरलं.

"खांबाची पोटरी बरी झालीय," धाकटा म्हणाला. "आज तो खेळेल."

पोरांनी टाळ्या पिटल्या. एक जण म्हणाला, गरम पाण्याने तर खांबाची उंचीही वाढलीय. खांब हसला नाही. तो सरांकडे बघत होता, अजून काही यायचं राहिलंय अशा चेहऱ्याने. सरांनी शिट्टी गळ्यात नीट केली आणि नजर मैदानाकडे वळवली. तेव्हा तो मुलगा खाली वाकला आणि सगळ्यांना दिसेल अशी आपली उजवी पोटरी चोळली. सरांचा शब्द खाली पडू नये म्हणून.

शिवणवालीने मोठ्या आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासूनच उतार पडला, म्हणाली, तुमचा पायगुणच तसा. मोठ्या आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सामना चांगला चालला होता. धाकट्याची पोरं पुढे होती, लोक ओरडत होते. मग एका झटापटीत चेंडू खांबाच्या घोट्याला लागून बाजूच्या रेषेबाहेर गेला. अगदी साधा चेंडू, कुणाचाही असता तरी काही बिघडत नव्हतं. खांब थांबला. त्याने मान वळवून आधी सरांकडे बघितलं. सर कागदाच्या पेल्यातून पाणी पीत होते. मग त्याने हात वर केला, पण अर्धाच, खांद्याइतका, विचारल्यासारखा.

लोकांनी ते पाहिलंही नसेल. मोठ्या आईने पाहिलं.

तिने शिवणवालीच्या हातांतून आपला हात सोडवला नाही. तसाच ठेवून ती म्हणाली, तुझ्या पोराच्या पोटरीला काही झालं नव्हतं. माझ्या मुलाने त्याला तसं म्हणायला लावलं. आणि मला तुझ्या खोलीत कळलं होतं, तरी मी तुला सांगितलं नाही.

शिवणवालीने मैदानावर आपला मुलगा शोधला, बराच वेळ त्याच्या पायांकडे बघितलं. मग आपले हात हळूच काढून मांडीवर ठेवले आणि फळीवर थोडी पलीकडे सरकली. एका माणसाची जागा मध्ये राहिली. सामना संपेपर्यंत ती तशीच रिकामी होती.

धाकट्याचा संघ जिंकला. हेडमास्तरांनी त्याची पाठ थोपटली, पोरं त्याच्याभोवती नाचली. सगळ्यांतून वाट काढत, घामेजलेला, कितीतरी दिवसांनी मान वर केलेला, तो आईसमोर येऊन उभा राहिला. खेळवलं ना त्याला, म्हणाला, आणि जिंकलोसुद्धा. पोरं मागे जाळी सोडवत होती, खांब त्यांच्यातच होता. शिवणवाली उठून उभी होती. मोठी आई फळीला धरून उभी राहिली आणि आवाज मुळीच खाली न आणता बोलली.

"खेळवलंस. पण आज हात वर करायच्या आधी त्याने तुझ्याकडे बघितलं. आजवर त्याला कुणाकडे बघावं लागत नव्हतं. तू दिलेलं तूच त्याच्याकडून काढून घेतलंस, आणि वर तुझी अब्रू झाकायला त्याला सगळ्यांसमोर धडधाकट पोटरी चोळायला लावलीस. मी तुझी आई आहे, घरी तुला जेवायला वाढेन. पण उद्यापासून कुणी विचारलं, तुमचा धाकटा काय करतो, तर कोच आहे म्हणून मी सांगणार नाही. शाळेत शिट्टी वाजवतो, म्हणेन."